तळीराम खलनायक आहे का?

गडकऱ्यांचं 'एकच प्याला' वाचून झालं की वर्गात किंवा वाचक मंडळात एक प्रश्न हमखास निघतो: या नाटकाचा खलनायक कोण? बहुतेकांची बोटं तळीरामाकडे वळतात. कारणही उघड आहे. कोर्टात मुन्सफाशी खटका उडून सुधाकराची वकिलीची सनद काही काळापुरती जाते, अपमानाने तो आतून पेटलेला असतो, आणि नेमक्या त्या वेळी पहिला पेला त्याच्या हाती देणारा तळीराम असतो. पुढचा सगळा सत्यानाश त्या पेल्यातून निघतो. मग खलनायक दुसरा कोण असणार?

पण मजकूर पुन्हा एकदा नीट वाचला तर गोष्ट इतकी सरळ राहत नाही. तळीराम स्वतः दारूत गळ्यापर्यंत बुडालेला आहे आणि अखेर दारूच त्याचा जीव घेते. आर्य मदिरा मंडळातल्या त्याच्या प्रवेशांना प्रेक्षक शंभर वर्षं पोट धरून हसत आले आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो. तो पुन्हा पितो तेव्हा त्याला ढकलणारी गोष्ट असते नवा अपमान आणि तो न सोसणारा त्याचा जळता स्वाभिमान. सुधाकराला आडवा येणारा खरा विरोधक सुधाकरातच आहे, असं म्हणायला नाटकात भरपूर आधार सापडतो.

म्हणजे 'खलनायक' ही चिठ्ठी तळीरामाला नीट चिकटत नाही. तरीही ती चिकटवायचा प्रयत्न केला म्हणूनच नाटकाचा गाभा हाती लागला. पात्रांचे प्रकार शिकण्याचा उपयोग हा आहे. परीक्षेच्या उत्तरात 'सपाट', 'गतिशील', 'पूरक' अशी विशेषणं लिहून मोकळं होण्यासाठी ते प्रकार नाहीत. प्रत्येक प्रकारामागे एक प्रश्न आहे, आणि तो प्रश्न मजकुराला विचारायचा असतो. गोंधळ होतो तो वेगवेगळे प्रश्न एकत्र मिसळल्यामुळे. पात्र कथेत कोणतं काम करतं, त्याच्या स्वभावाला किती बाजू आहेत, ते बदलतं की नाही, आणि ते आपल्यापर्यंत कोणाच्या नजरेतून पोचतं, हे चार स्वतंत्र प्रश्न आहेत. एकाचं उत्तर मिळालं म्हणजे दुसऱ्याचं आपोआप मिळत नाही. नायक सपाट असू शकतो, आणि दोन पानांपुरतं येणारं पात्र चांगलं बहुपेडी असू शकतं.

कामावरून वर्गवारी करण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. संस्कृत नाट्यशास्त्राने नायकाचे चार प्रकार सांगितले: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. नायिकांच्या आठ अवस्था सांगितल्या, विदूषक आणि विट यांची कामं ठरवून दिली. ही व्यवस्था आज कोरडी वाटते, पण 'मृच्छकटिक' हाती घेतलं की तिच्यातली जान कळते. चारुदत्त हा धीरप्रशांत नायकाचा नमुना, मैत्रेय हा विदूषक, आणि राजाचा मेहुणा शकार हा खलपात्र. हा शकार पुराणातल्या गोष्टींची भलतीच सरमिसळ करून बोलतो, त्यामुळे तो प्रेक्षकांना हसवतो. तोच वसंतसेनेचा गळा आवळतो आणि आळ चारुदत्तावर घालतो. नाटककार शूद्रकाने विनोदी पात्र आणि धोकादायक पात्र एकाच माणसात बसवलं. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठीत आणलं, तेव्हा मराठी रंगभूमीला हसवता हसवता घाबरवणाऱ्या पात्राचा तयार वस्तुपाठ मिळाला. तळीरामाकडे त्या बाजूने पाहिलं तर तो एकटा उरत नाही, त्याला पूर्वज आहेत.

देवलांच्याच 'शारदे'त (१८९९) पात्रं आणखी ठसठशीत आहेत. लग्नाला उतावीळ झालेला श्रीमंत म्हातारा भुजंगनाथ, पैशासाठी पोरीचा सौदा करायला निघालेला बाप कांचनभट, मध्यस्थीत हात धुऊन घेणारा भद्रेश्वर दीक्षित. यातल्या कुणाच्या मनात खोल उतरायला देवल थांबत नाहीत. थांबले असते तर नाटकाचं नुकसान झालं असतं. बाला-जरठ विवाहाविरुद्ध ज्या प्रेक्षकांना उभं करायचं होतं त्यांना आपल्या आळीतला भुजंगनाथ पहिल्या प्रवेशातच ओळखू यायला हवा होता. इथे पात्र एका सामाजिक प्रवृत्तीचा नमुना म्हणून उभं आहे, आणि ते त्याचं बळ आहे.

नमुना आणि साचा यांतला फरक मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावा लागतो. छळणारी सासू, कंजूष सावकार, आगाऊ मोलकरीण, भोळा खेडूत ही पात्रं लेखकाने पाहिलेली नसतात, आधीच्या पुस्तकांतून उचललेली असतात. ओळखायची एक साधी कसोटी आहे. पात्राची जात, धंदा, वय किंवा नातं क्षणभर झाकून ठेवावं आणि उरलेलं वाचावं. काहीच उरलं नाही तर तो साचा. भुजंगनाथाचं वय झाकता येत नाही, कारण तेच नाटकाचा विषय आहे. पण एखाद्या कथेतली मोलकरीण केवळ मोलकरीण आहे म्हणून चोरटी दाखवली असेल, तर लेखक तिच्याकडे पाहायला विसरला आहे असं खुशाल समजावं आणि चर्चेत तसं स्पष्ट बोलावं.

दुसरा प्रश्न बाजूंचा. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी केंब्रिजमध्ये दिलेली व्याख्यानं १९२७ साली 'आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल' या नावाने पुस्तकरूपात आली. सपाट पात्रं आणि गोलाकार पात्रं ही जोडी त्यातली. सपाट पात्र एकाच कल्पनेभोवती किंवा गुणाभोवती रचलेलं असतं. गोलाकार पात्राची त्यांनी दिलेली कसोटी आजही उपयोगी आहे: ते आपल्याला चकित करतं, आणि तरीही पटतं. चकित करतं पण पटत नाही, तर लेखकाने ओढूनताणून वळण दिलं आहे. कधीच चकित करत नाही, तर ते सपाट आहे. सपाट म्हणजे वाईट असं फॉर्स्टर यांनी म्हटलेलं नाही. उलट, ओळखायला सोपी आणि लक्षात राहायला सोपी म्हणून अशा पात्रांची त्यांनी कदरच केली. वर्गातल्या नोट्समधून नेमका हा भाग गळून पडतो.

मराठी वाचकाला ही कसोटी लावून पाहायला पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'इतकं चांगलं पुस्तक नाही. यातली माणसं पहिल्या ओळखीत एकेका गुणावर उभी दिसतात. नारायण म्हणजे लग्नघरात सर्वांच्या हाकेला ओ देणारा, सखाराम गटणे म्हणजे पुस्तकी बोलणारा, अंतू बर्वा म्हणजे रत्नागिरीचा तिरकस म्हातारा. अंतू तोंड उघडतो तो टोला हाणण्यासाठी. गावात वीज येणार म्हटल्यावर त्या उजेडात पाहायचं काय, आपलं दारिद्र्यच ना, असा त्याचा रोख. वाचक हसतो आणि गृहीत धरून चालतो की पुढचं वाक्यही असंच असणार. मग बोलता बोलता बायको गेल्याचा विषय निघतो, आणि ती गेल्यापासून दारचा हापूस मोहरलेला नाही, असं हा माणूस सांगून जातो. तिरकसपणा तिथे एका वाक्यापुरता बाजूला होतो आणि त्यामागचं एकटेपण दिसतं. तेवढ्याने आधीची सगळी टोलेबाजी नव्याने वाचावीशी वाटते.

इथे थांबून बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट अशी की पु. लं.नी अंतूच्या मनाचं वर्णन केलेलं नाही. तो दुःखी होता, एकाकी होता, असं निवेदक सांगत नाही. झाडाविषयीचं एक वाक्य अंतूच्या तोंडी येतं आणि पात्राला दुसरी बाजू मिळते. नवं लिहिणाऱ्यांनी हा प्रसंग पेन्सिल घेऊन वाचावा. आधीच्या किती विनोदांनंतर ते वाक्य येतं, आणि त्यानंतर अंतू पुन्हा किती लवकर आपल्या मूळ सुरावर जातो, यावर खुणा कराव्यात. वळणाआधी पात्राचा ठरलेला सूर वाचकाच्या कानात पुरेसा बसला नसेल, तर वळणाचा परिणाम होत नाही.

तिसरा प्रश्न बदलाचा. स्थिर आणि गतिशील अशी ही जोडी. इथे एक गैरसमज घट्ट रुतून बसला आहे: बदलणारं पात्र श्रेष्ठ, न बदलणारं कच्चं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकामागून पुस्तकं तसाच राहतो, तीच चपळाई, तोच 'ट्टॉक'. मुलांना तो तसाच हवा असतो, कारण मालिकेतल्या नायकाने वाचकाला ओळख कायम ठेवण्याचं वचन दिलेलं असतं. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊही बदलत नाहीत. एक भित्रा आणि सोशीक, दुसरा आडदांड आणि भांडायला तयार. प्रसंग बदलत जातात, ही दोघं तशीच राहतात, आणि विनोद त्यातूनच तयार होतो.

शोकांतिकेत हीच स्थिरता भयंकर होऊ शकते. 'एकच प्याला'तली सिंधू पहिल्या अंकात जशी आहे तशीच शेवटी आहे. नवऱ्यावरची निष्ठा तसूभर ढळत नाही. सुधाकराच्या हातून मूल जातं, तिलाही जीवघेणी जखम होते, आणि पोलिसांसमोर ती खोटं सांगून त्याला वाचवते. नाटक पहिल्यांदा रंगभूमीवर आलं १९१९ साली, गडकऱ्यांच्या निधनानंतर, आणि बालगंधर्वांच्या सिंधूने तेव्हाच्या प्रेक्षकांना रडवलं. आजचा वाचक तिच्यावर चिडतो. चिडावंही. पण ती 'सपाट' आहे म्हणून तिला बाद करण्याआधी गडकऱ्यांनी तिच्याभोवती कोणाला उभं केलं आहे ते पाहावं. तळीरामाची बायको गीता हीही दारुड्याचीच बायको, पण तिची जीभ धारदार आहे आणि ती गप्प बसून सोसणारी नाही. म्हणजे सिंधूसमोर दुसरा रस्ता नव्हता असं नाही, तो रस्ता त्याच रंगमंचावर चालून दाखवला आहे. सुधाकराच्या बाबतीतही तेच. भगीरथ हा तरुणही दारूकडे वळलेला असतो, पण तो त्यातून बाहेर येतो. सुधाकर बुडतो. एकाच व्यसनात सापडलेली दोन माणसं दोन टोकांना गेली की वाचकाला आपोआप प्रश्न पडतो की फरक कशात होता.

अशा पात्रांना प्रतिपूरक किंवा विरोधदर्शक पात्रं म्हणतात, आणि वाचनातलं सर्वांत फळ देणारं काम इथे आहे. एकटं पात्र अभ्यासायला घेऊ नये, जोडी घ्यावी. तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' (१९७२) या कामासाठी उत्तम. नवऱ्यांनी टाकलेल्या किंवा नवऱ्यांना सोडलेल्या बायकांना घरात ठेवणारा सखाराम, त्याच्याकडे आधी लक्ष्मी येते, ती गेल्यावर चंपा. लक्ष्मी देवभोळी, सोशीक, मुंगळ्याशी गप्पा मारणारी. चंपा रोखठोक, नवऱ्याला उघड शिव्या देणारी, आणि सखारामची शेज सोसण्यासाठी दारूचा आधार घेणारी. पहिल्या वाचनात बरेचजण एक गरीब गाय, दुसरी बदफैली अशी वाटणी करून टाकतात. नाटकाभोवती तेव्हा जे वादळ उठलं, सेन्सॉर मंडळाशी जी लढाई झाली, तिच्यामागेही चंपेच्या वागण्याने बसलेला धक्का होताच.

आता कागदावर दोघींच्या कृती लिहून काढाव्यात, नुसत्या कृती, विशेषणं नकोत. लक्ष्मी निराधार होऊन परत येते तेव्हा तिला घरात राहू द्यायला सखारामला तयार करते चंपा. चंपेचे सखारामचा मित्र दाऊद याच्याशी असलेले संबंध सखारामच्या कानावर घालते लक्ष्मी. सखाराम चंपेचा जीव घेतो आणि सुन्न होऊन बसतो, तेव्हा प्रेत पुरायच्या तयारीला लागते ती लक्ष्मी. यादी पुरी झाली की पहिली वाटणी कोसळते. दया चंपेकडे होती, आणि लक्ष्मीच्या भक्तीखाली एक थंड, चिवट निर्धार होता. फॉर्स्टर यांची कसोटी लावली तर लक्ष्मी चकित करते आणि पटते, कारण सखारामच्या घराशी नातं टिकवण्याची तिची धडपड पहिल्यापासून मजकुरात आहे. सखाराम, जो स्वतःला नियमांचा बादशहा समजत होता, शेवटी सर्वांत हतबल ठरतो. कृतींची यादी करण्याची ही पद्धत कोणत्याही कथेला लागू पडते. माणूस स्वतःबद्दल काय बोलतो आणि लेखक त्याला कोणती विशेषणं लावतो, हे दोन्ही काही काळ बाजूला ठेवायचं, एवढंच पथ्य.

चौथा प्रश्न निवेदकाचा, आणि तोच वाचकांच्या हातून सर्वांत जास्त निसटतो. 'मी' म्हणून गोष्ट सांगणारा माणूस हाही एक पात्र असतो. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून येऊ लागली, तेव्हा एका पुरुष लेखकाने यमू या विधवेच्या तोंडून सगळी कहाणी सांगितली. सासरच्या शंकरमामंजींचा दुष्टपणा आपल्याला दिसतो तो यमूच्या भीतीतून. तीच कहाणी तटस्थ निवेदकाने सांगितली असती, तर ते आणखी एक साचेबद्ध खलपात्र होऊन राहिले असते. नेमाड्यांच्या 'कोसला'त (१९६३) पांडुरंग सांगवीकर सगळ्या जगाची टर उडवत बोलतो, आणि बहीण मनीच्या मृत्यूपाशी ती टर टिकत नाही. वाचकाने पांडुरंगाच्या प्रत्येक मतावर विश्वास ठेवायची गरज नाही, पण त्याची भाषा कुठे तुटते तिथे मात्र थांबावं.

निवेदक एकाहून अधिक असतील तर तुलनेला तयार सोय होते. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू सांगतात, शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्णही बोलतात. अशा पुस्तकात कोणताही एक प्रसंग निवडून दोन निवेदनं शेजारी ठेवावीत. शर्मिष्ठा दासी होते ही गोष्ट देवयानीच्या तोंडून आणि शर्मिष्ठेच्या तोंडून वाचली की कोण काय गाळतं ते दिसतं. गाळलेल्या गोष्टीतून पात्र जितकं कळतं तितकं सांगितलेल्या गोष्टीतून कळत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) आणखी वेगळी रचना आहे. निवेदक तरुण मास्तर बाहेरून आलेला आहे, पाहणारा आहे. कारभारी, आनंदा रामोशी, अंजी अशी माणसं एकेका प्रसंगापुरती पुढे येतात आणि गर्दीत परत मिसळतात. नायक कोण, असं विचारलं तर मास्तराचं नाव घ्यायला मन धजत नाही. गावकरी मिळून तालीम बांधतात, दुष्काळ पडतो, मेंढ्या आणि माणसं पांगतात. वाढतं आणि मोडतं ते गाव, म्हणून गाव हेच मध्यवर्ती पात्र. समूह पात्र होऊ शकतो हे ओळखता आलं नाही, तर या कादंबरीला कथानकच नाही अशी तक्रार वाचक करत राहतो.

जे रंगमंचावर कधीच येत नाही तेही पात्र असतं. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) धरणगावकर देशपांड्यांच्या घरातले तात्याजी नाटक सुरू होण्याआधीच गेलेले आहेत. सगळे जमले आहेत ते त्यांच्या दिवसकार्यासाठी. खर्च किती करायचा, कुणाच्या वाट्याला काय, कुणाचं शिक्षण कुणी थांबवलं, प्रत्येक भांडणाचं टोक तात्याजींपाशी जातं. दारात गंजत पडलेल्या ट्रॅक्टरकडेही पात्रासारखंच पाहावं, कारण घरातल्या माणसांचं न निभावलेलं धाडस तो सतत दाखवत राहतो.

लिहू पाहणाऱ्यांसाठी दोन कामं वेगळी सांगण्यासारखी आहेत. पहिलं, स्वतःच्या कथेतल्या संवादांवरची नावं खोडून ती कथा कुणाला तरी वाचायला द्यावी. कोण बोलतंय ते ओळखू आलं नाही तर पात्रं अजून झालेली नाहीत, त्यांचे प्रकार ठरवण्याची घाई करू नये. दुसरं काम गौण पात्रांचं. प्रत्येक लहान पात्र काढून टाकून कथा पुन्हा सांगून पाहावी. शिरवाडकरांच्या 'नटसम्राटा'तून (१९७०) फुटपाथवरचा बूटपॉलिशवाला राजा काढला तर कथानकाचा सांगाडा फारसा हलत नाही. पोटच्या पोरांच्या घरातून बाहेर पडलेले अप्पासाहेब बेलवलकर तसेच रस्त्यावर येतात. पण मग नाटक मुलांनी छळलेल्या बापाचं होऊन बसतं. राजा असल्यामुळे अप्पासाहेबांना परक्या पोराकडून माया मिळते, आणि रक्ताच्या नात्यावर नाटक जे बोलतं त्याला दुसरी बाजू येते. एवढ्या छोट्या भूमिकेकडून शिरवाडकरांनी इतकं काम करून घेतलं आहे.

वाचक मंडळांनी पुढच्या बैठकीसाठी नायक-नायिका सोडून द्याव्यात आणि हाती असलेल्या पुस्तकातली सर्वांत कमी पानं मिळालेली तीन पात्रं निवडावीत. प्रत्येकासमोर तो किंवा ती काय करते हे आधी लिहावं, मग कुणाच्या शेजारी उभी आहे ते, आणि प्रकाराचं नाव सगळ्यात शेवटी. नाव बसलं नाही तर ती जागा कोरी ठेवून चर्चा तिथूनच सुरू करावी.